दोरी आणि चार ठिपके

काल उशीचा एक जुना अभ्रा फाडून फडकी केली. एक कोपरा तेवढा कापून बाजूला ठेवला. त्या कोपऱ्यात काळी खूण आहे. एक उभी रेघ, तिच्या पोटाशी दोन ठिपके आणि खाली गळासारखा बारीक आकडा. अभ्र्याची जाळी झाली, खूण आहे तशीच आहे. ही खूण म्हणजे आमचं घर. शेवंतीवैनीने दिलेली.

मी चौथी शिकले. लिहायला बसले की हात अवघडतो. चारचौघांत बोलायचं तर त्याहून अवघडतो. पण दुपारी इस्त्रीचे कपडे संपले की घरात कोणी नसतं, पाय दुखत असतात, झोप येत नाही. तेव्हा लिहिते. कुणाला दाखवायचं नाही.

वैनी आमच्या शेजारची. पऱ्याच्या, म्हणजे ओढ्याच्या, अलीकडे आमची खोली आणि पलीकडे त्यांचं घर, अंगणात कपडे उकळायची भट्टी, पऱ्यात धुण्याचे दगड आणि वर कातळावर कपडे वाळत टाकायची जागा. रत्नागिरी शहरातल्या पुष्कळ घरांचे कपडे त्यांच्याकडे येत. मी तिच्याकडे इस्त्रीला होते, लग्न होऊन आले तेव्हापासून भट्टी बंद होईपर्यंत. तोंडावर मी तिला ‘तुम्ही’ म्हणायची. लिहिताना ‘ती’ म्हणते, कारण मनात ती तशीच होती.

बुटकी होती. डोक्यावर गाठोडी वाहून वाहून मान ताठ झालेली. कुणी हाक मारली तर मान वळवायची नाही, सगळीच्या सगळी वळायची. बोटांची टोकं कायम सुरकुतलेली, नुकतीच पाण्यातून काढल्यासारखी. अंगाला सोड्याचा आणि निळीचा वास. लग्नाकार्याला अत्तर लावून गेली तरी तो वास अत्तराच्या पुढे चालायचा.

चहा तिला गार लागायचा. गरम चहा हातात दिला की ती तो दगडावर ठेवायची, दोन चादरी पिळायची, मग साय धरलेला चहा एका दमात प्यायची. एकदा ताप येऊन पडली होती, हाताला काही काम नव्हतं, तरी कप उशाशी ठेवून गार व्हायची वाट बघत राहिली.

“प्या की वैनी, गरम आहे तोवर.”

“गरम चहा बसणाऱ्यांचा, गो. आपल्याला कुठं बसायचंय?”

“दमलात?”

“दमले असते तर बसले नसते?”

असं तिचं बोलणं. कुठून पकडावं कळायचं नाही.

दारात माणूस आला की ती आधी त्याच्या सदऱ्याचा नाहीतर पदराचा कोपरा बघायची, मग तोंड. माणसांची नावं तिला फारशी आठवत नसत. घरं मात्र खुणांनी पाठ. “उभी रेघ तीन ठिपके, तिकडं कोण तरी आजारी हाय,” असं पुटपुटायची, कारण त्या घरच्या चादरी वाढलेल्या असायच्या. मी विचारलं की कोण आजारी, काय झालं, तर पाण्याचा हात माझ्या तोंडासमोर झाडायची. “चादरी बोलतात. आपण बोलायचं नाय.” आणि खरंच, कुणाच्या घरचं काही तिच्या तोंडून कधी बाहेर पडलं नाही. आळीत कुणाकुणाच्या घरी काय चाललंय ते तिला सगळं ठाऊक असणार. ती ते पऱ्यात सोडून द्यायची.

त्या खुणा तिच्या सासऱ्यांनी काढलेल्या. त्यांना तात्या म्हणत. तात्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं, म्हणून त्यांनी स्वतःचीच अक्षरं केली. उभी रेघ म्हणजे वरची आळी. आडवी रेघ म्हणजे बंदराकडची. तिरकी म्हणजे खाडीपलीकडची घरं. रेघेला लागून ठिपके, ते घर. आणि खाली आकडा असला, तर ते घर दुसऱ्या घरातून फुटून वेगळं झालेलं. एवढीच अक्षरं, पण तेवढ्यात सगळी गिऱ्हाइकं बसली होती. दुसऱ्या कुणाला ती वाचता येत नसत. वैनी लग्न होऊन आली तेव्हा तात्यांनी तिला आधी ही अक्षरं शिकवली, चूल मागून दाखवली.

खूण बिब्ब्याने घालायची. बिब्बा तापवून सुईने टोचला की काळं तेल येतं. ते सुईच्या टोकाने कपड्याच्या कोपऱ्यावर टेकवायचं आणि वरून चुना लावायचा. मग तो कपडा फाटेल पण खूण जाणार नाही. तेच तेल कातडीला लागलं तर मात्र उततं. फोड येतात, हात सुजतो. म्हणून पहिल्याच दिवशी वैनीने माझे दोन्ही हात खोबरेलाने कोपरापर्यंत माखले होते. “बिब्ब्याची मस्करी नाय करायची. तो सासऱ्यालासुद्धा वळखत नाय.”

संध्याकाळी कातळावरून सुके कपडे आणले की ओटीवर ढीग पडायचा. वैनी आणि तिचा नवरा, त्यांना सगळे भाऊ म्हणत, दोघं समोरासमोर बसून कोपरे उलटायचे आणि घराघराचे गठ्ठे लावायचे. भाऊ कमी बोलणारा माणूस. पण गठ्ठे लावून झाले, खाली थोडे कपडे उरले की तोच म्हणायचा, “झालं. हे आपलं.” त्यांच्या स्वतःच्या कपड्यांना खूण नसायची. कशाला असेल? खूण असेल ते लोकांचं, नसेल ते आपलं. तात्यांपासूनचा नियम.

या नियमापायी आमच्या घरात मोठा तमाशा झाला होता.

माझे दीर आणि माझे मालक माझ्या लग्नानंतर लगेच वेगळे झाले. भांडण नारळाच्या एका झाडावरून. आम्ही वरच्या आळीतून इकडे पऱ्याजवळच्या खोलीत आलो. जुन्या कपड्यांवर दिरांच्या घरची खूण होती, उभी रेघ दोन ठिपके. लग्नातले नवे कपडे बिनखुणेचे. मालक वैनीकडे जाऊन म्हणाले, आम्हाला वेगळी खूण द्या.

वैनी म्हणाली, “देते. दोघं भाव येऊन मागा.”

“त्याचा काय संबंध?”

“तुमच्या खुणेला त्याच्या रेघेतनं आकडा काढायचाय. त्याला नको विचारायला?”

मालक तणतणत घरी आले. दोघंही हट्टी. कुणी जाईना. आणि आमचे नवे कपडे धुवून वाळले की बिनखुणेचे म्हणून वैनीच्या ढिगात. मी इस्त्रीला बसलेली असायची, माझे परकर समोर दिसायचे, पण लाजेने ‘हे माझं’ म्हणवत नव्हतं. मग एके दिवशी भाऊ बाजारात मासळी आणायला गेला तो माझ्या मालकांचा लग्नातला सदरा घालून. मालक तिथेच उभे. दीरही तिथेच. दिरांनी तो सदरा स्वतः शिवून घेऊन दिलेला.

“काय रे,” दीर पुष्कळ दिवसांनी धाकट्या भावाशी बोलले, “मी दिलेला सदरा परटाला वाटलास?”

संध्याकाळी दोघंही वैनीच्या अंगणात. एकमेकांकडे बघत नव्हते, पण उभे शेजारी. भाऊने सदरा काढून घडी करून पुढे ठेवला. “मला कॉलरीत घट्टच होत होता,” म्हणाला. दीर आधी हसले. वैनीने तेव्हाच बिब्बा तापवला आणि दोघांच्या समोर माझ्या अभ्र्यावर पहिली खूण घातली. मला म्हणाली, “बघ, तुजं घर झालं. आकडा खाली हाय, पण रेघ एकच हाय, विसरू नको.”

नारळाच्या झाडाचं काय झालं ते मला आता आठवतही नाही.

तिला एकच मुलगा, सुधीर. सुधीरने ती अक्षरं शिकायला साफ नकार दिला. शाळेत पोरं त्याच्या शर्टाचा कोपरा उलटून बघायची, आज कुणाचा घालून आलास म्हणून. तो बिचारा कोपरा पुढे करायचा, “बघा, खूण नाय. माझाच आहे.” रोज असं दाखवावं लागलं की माणूस काय करील? तो शिकला आणि लोट्याला एका कारखान्यात लागला. तिकडेच घर केलं, लग्न केलं. बायको रेश्मा, चांगली मुलगी. सुधीर सणाला यायचा तेव्हाही पऱ्याकडे पाठ करून बसायचा.

मग घरोघर मशीनं आली. आळीतले गठ्ठे एकेक करून कमी झाले. काही वर्षं आरे-वारेकडच्या हॉटेलांच्या चादरी होत्या. त्या सगळ्या सारख्या पांढऱ्या, वाळूने भरलेल्या. वैनीला त्या आवडत नसत. “ह्या चादरींना घर नाय गो. रोज नवीन माणूस. काय बोलतच नायत.” पुढे हॉटेलांनीही स्वतःची मशीनं घेतली. त्याच सुमारास भाऊ गेला. भट्टीजवळच बसल्या जागी गेला. वैनी रडली की नाही मला माहीत नाही, तिचं तोंड नेहमीच ओलं असायचं. दिवस झाले आणि ती पुन्हा पऱ्यावर उतरली. धुवायला चारच घरं उरली होती. ती सावकाश धुवायची, म्हणजे संध्याकाळपर्यंत पुरेल.

त्यानंतर केव्हातरी ती चुकायला लागली.

पहिल्यांदा गठ्ठा चुकला. वरच्या आळीचा बंदराकडे गेला. तिने हसण्यावारी नेलं, मीही. मग एक दिवस ओटीवर एक चादर हातात धरून ती किती तरी वेळ कोपऱ्याकडे बघत बसली.

“नंदे, हे कोण गो?”

मी सांगितलं. तिने मान डोलावली, पण मला कळलं की तिला पटलं म्हणून नव्हे, मी सांगितलं म्हणून तिने ते ऐकलं होतं.

आणि मग ती गाठोडं घेऊन भाट्याच्या पुलावरून पलीकडे चालत गेली. तिरक्या रेघेच्या एका घरी, ज्यांनी कपडे देणं कधीच बंद केलं होतं. ते घरही विकलं गेलेलं. तिथून परतीची वाट तिला सापडेना. उन्हात रस्त्याच्या कडेला गाठोड्यावर बसून राहिली. तिला ओळखणारी एक मासेवाली निघाली म्हणून रिक्षात घालून घेऊन आली. गाठोड्यात काय होतं, तर तिचीच दोन लुगडी आणि भाऊचा सदरा.

सुधीर आला. रात्रपाळी करून तसाच आलेला, डोळे तांबडे. त्याने एक कार्ड करून आणलं होतं. नाव, पत्ता, फोन नंबर, वर प्लास्टिक. गळ्यात घालायला दोरी.

“हे काय? मी कंपनीत लागले?”

“आई, घाल ना. हरवलीस तर लोक फोन करतील.”

“हा नंबर तुजाच ना? गेल्या वर्षी दुसरा होता.”

“आता नाय बदलणार.”

“कार्ड धुण्यात जातं, बाबा. खिशातल्या किती कार्डांचा लगदा काढलाय मी ह्या हातांनी.” आणि तिने ते खुंटीला अडकवलं. ते शेवटपर्यंत तिथेच होतं.

दोन-तीन दिवसांनी सकाळी मी गेले तर अंगणात बिब्ब्याचा वास. मला वाटलं कुणी नवीन गिऱ्हाईक आलं. वैनी दगडावर बसलेली, डाव्या हाताची बाही वर, हातात सुई. कोपराखाली सगळीकडे काळे ओरखडे, उभे, आडवे, तिरके, आणि वरून चुना. कातडी तांबडी होऊन फुगायला लागलेली. ज्या बाईने मला कोपरापर्यंत तेल माखलं होतं ती बिब्बा उघड्या हातावर घालत होती.

“वैनी! काय हे?”

“खूण घालते गो. हरवले तर परत याया.” तिने हात माझ्यापुढे धरला. दुखत असणार, पण तोंडावर नुसता गोंधळ. “पण जमत नाय. आपलं घर कसं काढतात ता आठवत नाय. तुला ठावं आसंल.”

विसरायला त्या घराला खूण कधी नव्हतीच. तसं मी तिला म्हटलं. मग तिचं तिलाच पटलं.

“व्हय की. आपल्याला नायच.” आणि मग हळूच, “मग मला कोण आणून देणार?”

मी तिला डॉक्टरकडे नेलं. फोड आले, हात सुजला, खपल्या धरल्या. कपड्यावरून जन्मात जात नाही ते काळं खपल्यांबरोबर गळून गेलं. खाली फिकट, गुळगुळीत डाग राहिले, त्यात वाचण्यासारखं काही नव्हतं.

सुधीरने हात बघितला तेव्हा तो रागावला नाही. धुण्याच्या दगडावर जाऊन बसला, डोकं हातात धरून. मी त्याला त्या दगडावर बसलेलं तेव्हाच पहिल्यांदा पाहिलं.

“तुला गोंदवायचंच आहे ना?” तो शेवटी म्हणाला. “दुकानात जाऊ. दुसऱ्या हातावर. पण नाव आणि नंबर घालू, आई. तुझ्या त्या खुणा कोण वाचणार? मला सोडलं तर एक नंदाकाकी.”

“तुला तरी कुठं येतात?”

तो दगडावरचं शेवाळ नखाने खरवडायला लागला.

“सगळ्यांनी कशाला वाचाया होवी?” वैनी म्हणाली. “घरानं वाचली की झालं.”

मग खूण कसली घालायची यावर तिचे बरेच दिवस गेले. चांगल्या दिवशी ती कोळशाने दगडावर काढून बघायची, वाईट दिवशी काय काढतोय तेच विसरायची. उभी रेघ नको, आपण वरच्या आळीतले नाही. आडवी नको, बंदराकडचेही नाही. पऱ्यावरच्या घराला तात्यांच्या अक्षरांत जागाच नव्हती. शेवटी एका सकाळी तिने मला हाक मारून दाखवलं. दगडावर एक नवं अक्षर होतं. रेघच, पण मध्ये झोळ पडलेली, कपड्यांच्या वजनाने दोरी वाकते तशी. तिच्या खाली चार ठिपके.

“हा भाऊ, ही मी, हा सुधीर, ही रेश्मा.”

सुधीर शेजारी उभा होता. “बाबा नाहीत आता,” तो हळूच म्हणाला.

“वाळला म्हणून कपडा घरातनं जातो काय रे?”

गोंदवायचं दुकान एसटी स्टँडच्या बाजूला, मोबाइलच्या दुकानाच्या वर. सुधीरने मला बरोबर घेतलं, कारण ती माझ्याशिवाय जिना चढायला तयार नव्हती. आणि जिना चढताना तिने मला सांगितलं की लहानपणी गावात गोंदणारीण आली तेव्हा ती सुईला भिऊन पळाली होती आणि गवताच्या उडवीत दिवसभर लपली होती. “आय म्हणाली, वरती गेल्यावर देवाला हातावर काय दाखवशील? आता बघ, म्हातारपणी पकडली.”

दुकानातल्या माणसाचा हात खांद्यापासून मनगटापर्यंत रंगवलेला. वैनीने सवयीने आधी तोच हात धरून उलटसुलट बघितला. एक बिबट्या होता, त्याच्या ठिपक्यांखाली जुनी अक्षरं दिसत होती.

“हे खाली कोण?”

तो लाजला. “ती... आधीची होती, आजी. नाव झाकलंय.”

“म्हंजे घर बदललंस.”

“बदललं.”

“झाकून काय होतंय? दिसतंय की.”

तो हसला. मग सुधीरने दिलेला कागद त्याने बघितला. “भारी आहे. कुठल्या देशाची लिपी?”

“पऱ्यावरच्या,” वैनी म्हणाली.

“आजूबाजूला एखादं फुलपाखरू देऊ? मोकळं मोकळं दिसतंय.”

“त्यात कोण ऱ्हाणार? आम्ही चारच मानसं.”

मशीन सुरू झालं तशी तिने डोळे मिटले आणि माझा हात धरला. इतकी वर्षं पिळे पिळलेला हात, माझी बोटं मोडतात की काय वाटलं. सुधीर दाराकडे तोंड करून उभा होता, त्याला ते बघवत नव्हतं. झाल्यावर तिने हात उजेडात धरला. दोरी आणि चार ठिपके, काळे, भोवती तांबूस सूज. नखाने घासून बघायला गेली तर त्या माणसाने हात धरला. “जात नाही ना, ते बघते,” म्हणाली. परतताना जिन्यात ती सुधीरला म्हणाली, “आता वाचता येतं ना तुला?”

“येतं,” तो म्हणाला. लगेच घड्याळ बघितलं. त्याला पाळी होती.

त्याच वर्षी दिवाळीनंतर तो तिला लोट्याला घेऊन गेला. भट्टीवर पत्रा झाकला. मी घरी इस्त्री करायला लागले. जाऊन येईन, जाऊन येईन म्हणता जायला जमलं नाही. मला एकटीने एसटीत बसायचं म्हणजे मी आठवडाभर आधीपासून न जायची कारणं शोधत बसते. शेवटी गेले. पाहुणी म्हणून जायचं तर नवी साडी नेसले. वाटेत वाटलं, जुनी नेसायला हवी होती, जिच्या पदरावर आकडा आहे ती. पण बस सुटली होती.

त्यांची जागा दुसऱ्या मजल्यावर. रेश्माने दार उघडलं. वैनी गॅलरीच्या दाराशी खुर्चीवर बसली होती, मांडीवर टॉवेलांचा ढीग. एक उचलायची, कोपरे उलटायची, घडी घालायची. संपले की रेश्मा ते पलीकडे नेऊन त्यांच्या घड्या मोडायची आणि परत आणून द्यायची. रेश्माचं तोंड उतरलेलं होतं, पण काम चुकत नव्हतं. “दिवसातून किती वेळा ते विचारू नका,” म्हणाली.

“वैनी, मी नंदा.”

तिने माझ्याकडे पाहिलं. सोड्याचा वास नव्हता आता तिच्या अंगाला, साबणाचा होता. ती म्हणाली, “बस गो,” पण ते कुणालाही म्हणतात तसं. समोर चहा होता, साय धरलेला. तो मात्र तिने एका दमात प्यायला.

मी तिथेच असताना सुधीर पाळीवरून आला. दार उघडंच होतं, तरी तो आत आला नाही. उंबऱ्याबाहेर पायरीवर उभा राहिला, डबा खाली ठेवला आणि अंगावरच्या निळ्या शर्टाची बाही वर करायला लागला. रेश्माने वैनीला धरून दाराशी नेलं.

“कोण?” वैनी म्हणाली.

त्याने हात पुढे केला. त्याच्या हातावर दोरी होती, झोळ पडलेली, आणि खाली चार ठिपके. वैनीने आपला हात त्याच्या हाताला लावला. बोट ठेवून ठेवून बघितलं, आधी आपल्यावर, मग त्याच्यावर, गठ्ठा लावताना बघायची तसंच, घाई न करता. तो दमला होता, तरी हलला नाही.

“बरोबर,” ती म्हणाली. “ह्याच घरचं. घे आत.”

नंतर मी त्याला विचारलं, कधी काढलंस. तो चपला काढत होता. “एकदा दार उघडीना, काकी. रेश्मा बाहेर गेलेली. आतून म्हणत राहिली, कोण तू, इथं काय काम. पाळीवरून येऊन जिन्यात बसलो. नाव सांगून उपयोग नव्हता.” चपला भिंतीशी लावल्या. “सुट्टीला रत्नागिरीला येऊन गेलो. त्याच दुकानात. तुमच्याकडे यायला वेळ नाही झाला.”

परतीची एसटी होती, मी उठले. वैनी पुन्हा खुर्चीत, टॉवेल मांडीवर. निरोप घ्यायला वाकले तसा माझा पदर तिच्या पुढ्यात पडला. तिने तो धरला. एक कोपरा उलटून बघितला. मग दुसरा. मग काठ धरून उजेडाकडे नेला आणि बोटाने चाचपलं, जिथं खूण असते तिथं. नवी साडी. काही नव्हतं.

मी तशीच वाकून उभी राहिले. ओढून घ्यावा असं वाटेना.

“खूण नाय,” ती रेश्माला म्हणाली. मग पदराची घडी घातली, नीट, कडा जुळवून, आणि तिच्या टॉवेलांच्या ढिगावर ठेवून वरून हात फिरवला. “ठेव गो हिकडंच. आपलं आसंल.”